दात एक, डॉक्टर दोन

भारतातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय १९२० साली कलकत्त्यात सुरू झालं, ते सोडावॉटरच्या कमाईवर. डॉ. रफीउद्दीन अहमद अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेऊन परतले होते. महाविद्यालय काढायचं तर पैसा हवा, आणि त्या काळी दाढ ठणकून जीव नकोसा झाल्याशिवाय दातांच्या डॉक्टरची पायरी कुणी चढत नसे. म्हणून त्यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचं दुकान थाटलं आणि त्याच्या गल्ल्यातून महाविद्यालयाचा खर्च भागवला. गोड पेयं विकून दंतवैद्य घडवणाऱ्या या गृहस्थांना पुढे १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, देशात दंतवैद्य दिन म्हणून पाळतात.

शंभर वर्षांत सगळं उलटं झालं आहे. देशात दंत महाविद्यालयं तीनशेहून अधिक आहेत आणि बी.डी.एस.च्या पंचवीस हजारांहून जास्त जागा दरवर्षी भरायला निघतात. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही उपनगरात एका चौकात उभं राहिलं तर दाताचं चित्र असलेल्या दोन-तीन पाट्या सहज दिसतात. या गर्दीतून वेगळं व्हायचं म्हणून तरुण डॉक्टर आणखी तीन वर्षं घालून एम.डी.एस. करतात. त्याच्या नऊ शाखा आहेत. कुणी फक्त दातांच्या मुळांचा, कुणी हिरड्यांचा, कुणी वेड्यावाकड्या दातांचा, कुणी लहान मुलांचा. नीट-एम.डी.एस. देऊन, रात्री जागून, प्रबंध लिहून हा डॉक्टर बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात कसब असतं. पण हे कसब विकायचं कसं, भाडं कसं भरायचं, माणसं कशी टिकवायची, याचा एकही तास अभ्यासक्रमात त्याला मनापासून कुणी शिकवलेला नसतो.

त्यामुळे महाराष्ट्रातल्या बऱ्याचशा तज्ज्ञ दंतवैद्यांची प्रॅक्टिस सुरू होते ती बॅगेतून. रूट कॅनलवाल्याच्या बॅगेत एंडो मोटर, मुळाची लांबी मोजणारं एपेक्स लोकेटर, निकेल-टायटॅनियमच्या फाइल्सच्या डब्या, रबर डॅमचा संच आणि डोळ्यांवर चढवायचे लूप्स. सोमवारी ठाणे, मंगळवारी डोंबिवली, बुधवारी बदलापूर. कोल्हापूरकडचा तारांचा डॉक्टर महिन्यातला एक रविवार गडहिंग्लजला देतो, दुसरा निपाणीला. ज्या दवाखान्यात तो जातो तिथे ‘दर गुरुवारी तारांचे तज्ज्ञ उपलब्ध’ अशी छोटी पाटी लागते. पेशंट त्या दवाखान्याचा, खुर्ची त्यांची, असिस्टंट त्यांची, एक्स-रे त्यांचा. हात आणि हत्यारं पाहुण्या डॉक्टरची. बिलाची वाटणी आधी ठरलेली असते, कुठे निम्मी-निम्मी, कुठे पाहुण्याकडे थोडी जास्त.

ही पद्धत कमी दर्जाची आहे असं समजायचं कारण नाही. एका दवाखान्याला आठवड्यात अवघड रूट कॅनल दोन-तीनच मिळतात. तेवढ्यासाठी पूर्णवेळ तज्ज्ञ ठेवणं कुणालाच परवडत नाही. पेशंटला नेहमीच्याच ठिकाणी तज्ज्ञाचा हात मिळतो. नव्या डॉक्टरला भांडवल न घालता अनुभव मिळतो, तोही वेगवेगळ्या वस्तीतल्या तोंडांचा.

अडचण पुढे येते. निर्जंतुकीकरण नीट झालं की नाही हे त्या दवाखान्याच्या हातात असतं, आणि यजमानाच्या ऑटोक्लेव्हबद्दल पाहुण्याने फार बोललेलं चालत नाही. तार टोचायला लागते मंगळवारी, डॉक्टर येतो गुरुवारी. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पेशंटला नाव लक्षात राहतं ते दवाखान्याचं. दहा वर्षं फिरून हजारो दाढा वाचवलेल्या डॉक्टरकडे स्वतःच्या म्हणाव्या अशा पेशंटची एक फाइलही नसते. पाठ आणि मान मात्र दुखायला लागलेली असते. तासन्‌तास वाकून काम करणाऱ्या या पेशाचा तो ठरलेला प्रसाद आहे.

मग स्वतःची जागा घ्यायचा विचार येतो. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह ही खरेदी सगळ्यांनाच करावी लागते. तज्ज्ञाच्या डोक्यावर शिवाय मायक्रोस्कोप, त्रिमितीय स्कॅन किंवा इंट्राओरल स्कॅनर चढतात. एक्स-रे यंत्राची नोंद अणुऊर्जा नियामक मंडळाकडे करायची. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे काढलेला दात पिवळ्या पिशवीत, प्लास्टिक लाल पिशवीत, सुया टोचून भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायच्या आणि हा सगळा कचरा अधिकृत गाडीकडे द्यायचा. आरोग्यसेवेवर जीएसटी नाही हे ऐकायला बरं वाटतं. पण स्वतः कर लावत नसल्यामुळे डॉक्टरला यंत्रसामग्रीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. तो खर्च गुमान पोटात घालावा लागतो. हे सगळं कागदावर मांडता येतं, बँकेकडून कर्जही मिळतं.

खरा पेच पाटी रंगवताना पडतो. पाटीवर ‘फक्त रूट कॅनल’ लिहायचं की ‘दातांचे सर्व उपचार’?

जगातला पहिला वाकड्या दातांचा तज्ज्ञ मानला जाणारा एडवर्ड अँगल याने हा निर्णय १८९०च्या दशकात घेतला. अमेरिकेतल्या मिनेसोटात प्राध्यापकी सोडून त्याने बाकी सगळी दंतचिकित्सा बंद केली आणि फक्त दात सरळ करण्याचं काम ठेवलं. दाढ काढायला आलेला माणूस परत पाठवायचा, हे तेव्हाच्या दंतवैद्यांना खुळेपणाचं वाटलं असणार. १९०० साली त्याने सेंट लुईसमध्ये स्वतःची शाळा काढली. त्याच वर्षी या शाखेची अमेरिकन संघटना उभी राहिली आणि तो तिचा पहिला अध्यक्ष झाला. वरच्या-खालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून त्याने केलेलं वर्गीकरण आजही आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ करावं लागतं.

आजच्या पुण्यात किंवा नाशिकात तीच कसोटी दुसऱ्या रूपात येते. नवा एंडोडॉन्टिस्ट, म्हणजे रूट कॅनलचा तज्ज्ञ, दवाखाना उघडतो. पहिले सहा महिने खुर्ची निम्मा दिवस रिकामी. शेजारच्या सोसायटीतल्या काकू दात स्वच्छ करून घ्यायला येतात, त्यांच्या यजमानांना कवळी हवी असते. भाडं तर महिन्याच्या महिन्याला जातं. अशा वेळी ‘हे काम मी करत नाही’ म्हणणं जड जातं. पण परिसरातले दहा दंतवैद्य लांबून बघत असतात. त्यांनी रूट कॅनलसाठी पाठवलेल्या पेशंटला या डॉक्टरने कॅपही बसवून दिली, पुढच्या दोन दाढाही भरून दिल्या, तर ते पुढचा पेशंट पाठवत नाहीत. भांडत नाहीत, फोन करून जाब विचारत नाहीत. फक्त पाठवणं बंद करतात.

तज्ज्ञाचं दुकान चालतं ते या पाठवण्यावर. पेशंट खुर्चीत बसतो खरा, पण त्याला तिथे आणणारा दुसरा डॉक्टर असतो, आणि त्याचा विश्वास पेशंटच्या विश्वासाआधी मिळवावा लागतो. तो मिळतो तो अगदी साध्या कामांतून. काम झालं की त्याच दिवशी आधीचा आणि नंतरचा एक्स-रे पाठवायचा. मुळांत किती नळ्या सापडल्या, कुठे वाक होता, कॅप कधी बसवावी हे चार ओळींत कळवायचं. वरच्या पहिल्या दाढेत बहुतेकदा चौथी नळी असते आणि ती साध्या डोळ्यांना चटकन दिसत नाही. राहून गेली तर काही महिन्यांनी तीच दाढ पुन्हा ठणकते. मायक्रोस्कोपखाली ती नळी सापडल्याचा फोटो पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरच्या मोबाइलवर गेला की जाहिरातीची गरज उरत नाही. आणि मग पेशंटला त्याच्याकडेच परत धाडायचं.

यात एक नाजूक जागा आहे. आधीच्या डॉक्टरच्या हातून नळी साफ करायच्या फाइलचा तुकडा आत तुटून राहिलेला असतो आणि पेशंट या तज्ज्ञासमोर तोंड उघडून बसलेला असतो. ‘हे कुणी केलं?’ एवढे तीन शब्द तोंडातून गेले की एक दवाखाना कायमचा तुटतो. तरीही पेशंटपासून तुकडा लपवता येत नाही. ते फसवणुकीत जमा होईल. आत तुकडा आहे, तो निघेल किंवा त्याला वळसा घालता येईल, बारीक फाइल्स चांगल्या हातातही तुटतात, हे सांगणं तज्ज्ञाचं काम. आधीच्या डॉक्टरला नावं ठेवणं हे त्याचं काम नव्हे. ही कसरत ज्याला साधते त्याच्याकडे लोक आपले सर्वांत अवघड पेशंट पाठवतात, कारण त्याच्याकडे आपली अब्रू शाबूत राहील याची त्यांना खात्री असते.

पाठवण्याचा दुसरा मार्ग सगळ्यांना ठाऊक आहे. कट. पेशंट पाठवला की पाकीट. पाहुण्या तज्ज्ञाबरोबर होणाऱ्या वाटणीत आणि कटमध्ये फरक आहे: तिथे दवाखाना खुर्ची, माणूस, सामान पुरवतो आणि त्याचे पैसे घेतो, कटमध्ये पेशंटच्या नावाच्या चिठ्ठीपलीकडे काहीच पुरवलेलं नसतं. भारतीय दंत परिषदेच्या २०१४च्या आचारसंहितेला कट मान्य नाही. २०१७ मध्ये मुंबईतल्या एका हृदयरोग रुग्णालयाने ‘डॉक्टरांना कमिशन नाही’ असा फलक लावला आणि गदारोळ झाला. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कटविरोधी कायद्याचा मसुदाही करून घेतला. त्याचा कायदा काही झाला नाही. धंद्याच्या हिशेबानेही कट हा तज्ज्ञासाठी वाईट सौदा आहे. पाकिटावर आलेल्या पेशंटला जास्त पाकीट देणाऱ्याकडे वळायला वेळ लागत नाही, आणि पाकिटाचा खर्च अखेर पेशंटच्याच बिलात शिरतो.

हे झालं मुळांच्या डॉक्टरचं. प्रत्येक शाखेचा हिशेब वेगळा असतो आणि नेमकं हेच नव्या डॉक्टरला उशिरा उमगतं. एंडोडॉन्टिस्टचा पेशंट एक-दोन सिटिंगमध्ये मोकळा होतो. त्याला रोज नवा माणूस हवा. हिरड्यांच्या डॉक्टरचा पेशंट तीन-चार महिन्यांनी परत यायला हवा, आणि दुखत नसताना यायला हवा. म्हणून त्याची प्रॅक्टिस आठवणीच्या फोनवर उभी असते. लहान मुलांच्या डॉक्टरची वर्षाची कमाई मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत गोळा होते. मार्चमध्ये परीक्षांमुळे वेटिंग रूममध्ये माश्या मारायची वेळ येते. पहिला वाढदिवस होईपर्यंत मुलाला एकदा दाखवून न्यावं, असं या शाखेचे लोक सांगून थकले, पण दुधाचे दात पडणारच आहेत या समजुतीपुढे कुणाचं काही चालत नाही. मुखशल्यचिकित्सकाचा निम्मा दिवस रुग्णालयात जातो: अक्कलदाढा, अपघातात मोडलेले जबडे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी-तंबाखूने तोंड उघडेनासं झालेले तरुण त्याच्याकडे येतच राहतात. विदर्भात या व्यसनाला खर्ऱ्याचीही जोड असते.

सगळ्यांत फसवा हिशेब तारांच्या डॉक्टरचा. समजा, महिन्याला दहा नवे पेशंट तारा लावतात आणि एकेकाचं काम वीस महिने चालतं. म्हणजे कुठल्याही दिवशी दोनशे तोंडांत त्याचं काम सुरू असतं. प्रत्येकाला महिन्याला एकदा बोलवायचं म्हटलं तर पंचवीस दिवसांत रोज आठ पेशंट. जमण्यासारखं आहे. पण पेशंट तारखा चुकवतात. पेरू खाल्ला, चिक्की खाल्ली, ब्रॅकेट निघालं. रबर लावायला सांगितलेलं दप्तरातच राहिलं. वीस महिन्यांचं काम अठ्ठावीसवर गेलं की तेच दोनशे पेशंट दोनशे ऐंशी होतात, नवा रुपया न येता. पैसा तर आधीच येऊन गेलेला असतो. सुरुवातीची मोठी रक्कम आणि नंतरचे हप्ते पहिल्या वर्षातच जमा होतात, आणि डॉक्टरला वाटतं प्रॅक्टिस तेजीत आहे. प्रत्यक्षात तो पुढच्या वर्षाच्या मेहनतीचे पैसे या वर्षी खर्च करत असतो. एखाद्या वर्षी नवे पेशंट कमी झाले की जुन्यांची रांग तशीच उभी राहते आणि खात्यात मात्र खडखडाट. जुन्या जाणत्या डॉक्टरांचं लक्ष म्हणूनच नव्या पेशंटांइतकंच, किंबहुना जास्त, वेळेत तारा निघालेल्या पेशंटांच्या आकड्याकडे असतं. त्यात आता नवी भर पडली आहे: जळगावात तारा लावलेली मुलगी बारावी झाली की पुण्याला जाते, आणि अर्धवट काम तिथल्या डॉक्टरकडे सोपवताना फीचं काय करायचं यावरून तिन्ही बाजू रुसतात.

म्हणून दवाखान्यातली सर्वांत महाग वस्तू खुर्ची नसून खुर्चीवरचा तास असतो, आणि तो तास डॉक्टरच्या हातात नसतो. तो असतो फोन उचलणाऱ्या बाईंच्या हातात. ‘उद्या साडेपाचला नक्की येताय ना?’ असा एक फोन आदल्या दिवशी गेला तर रिकामी जाणारी वेळ दुसऱ्याला देता येते. कुठला पेशंट वीस मिनिटांचा आणि कुठला दीड तासाचा हे रिसेप्शनवर कळत नसेल, तर आत कितीही कुशल हात असोत, बाहेर बसलेले लोक घड्याळाकडे बघत वैतागतात. तीच गोष्ट असिस्टंटची. आपल्याकडे बहुतेक असिस्टंट दहावी-बारावी होऊन आलेल्या मुली असतात. हत्यारांची नावं, पॅकिंग, मिश्रणं कालवणं सगळं त्या काम करता करता शिकतात. तयार झाल्या की लग्न होऊन गाव सोडतात किंवा पुढच्या चौकातला दवाखाना दोन हजार जास्त देतो. पन्नास हजारांच्या दिव्यासाठी घासाघीस न करणारा डॉक्टर या दोन हजारांवर अडून बसतो, हे अनेक दवाखान्यांतलं न समजणारं गणित आहे.

प्रॅक्टिस जमली की दवाखान्याच्या दुसऱ्या शाखेची हाक येते. इथे अँगलच्याच काळातला एक भलताच माणूस आठवतो. एडगर पार्कर या अमेरिकन दंतवैद्याने जाहिरातीसाठी बँड आणि सर्कस बाळगली. दात उपटताना पेशंट ओरडला तर बँड जोरात वाजायचा. एका दिवसात उपटले म्हणून तो सांगायचा त्या ३५७ दातांची माळ गळ्यात घालून मिरवायचा. ‘पेनलेस’ म्हणजे ‘न दुखवणारा’ हे खोटं नाव लावता येणार नाही असं कॅलिफोर्नियात बजावण्यात आलं, तेव्हा १९१५ मध्ये त्याने कायदेशीरपणे स्वतःचं नावच ‘पेनलेस’ करून घेतलं. पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या दवाखान्यांची साखळी उभी राहिली. स्वस्तात उपचार दिले हे त्याचं श्रेय नाकारता येत नाही. पण त्याच्या साखळीतल्या दंतवैद्यांची नावं आज कुणी घेत नाही, आणि अँगलच्या विद्यार्थ्यांनी अख्खी शाखा उभी केली.

आज भारतातही साखळ्या आहेत. २०११ मध्ये सुरू झालेल्या क्लोव्ह डेंटलची शेकडो क्लिनिक आहेत. भांडवल, एकत्र खरेदी, ठरलेल्या पद्धती यांमुळे एकट्या डॉक्टरला न परवडणाऱ्या गोष्टी त्यांना जमतात, आणि फिरस्तीला कंटाळलेल्या तज्ज्ञाला पगार मिळतो. प्रश्न येतो तो तज्ज्ञाची प्रत्यक्ष भेट वगळूनच वाढायचं ठरवलं की. अमेरिकेतल्या स्माइलडायरेक्टक्लब या कंपनीने २०१४ पासून नेमकं ते केलं: साचा घरी घ्यायचा, पारदर्शक अलाइनर टपालाने मागवायचे, खुर्चीत बसायचंच नाही. २०१९ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा तिचं मूल्य अब्जावधी डॉलरमध्ये होतं. डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली. ज्यांचे दात अर्धवट हलले होते त्यांना स्थानिक डॉक्टर शोधा म्हणून सांगण्यात आलं, आणि हप्त्यावर घेतलेल्यांनी हप्ते मात्र भरत राहायचे होते. हाडातून दात सरकत असताना कुणीतरी दर काही आठवड्यांनी तोंडात डोकावायला हवं, एवढी एकच गोष्ट त्या व्यवहारातून गळली होती.

एकट्याचा दवाखाना त्यामानाने हळू वाढतो. दुसरी शाखा काढली की पहिलीतला डॉक्टर तीन दिवस गायब होतो आणि पाठवणारे विचारू लागतात, ‘स्वतः सर बघणार की असिस्टंट?’ त्यामुळे अनेक जाणते लोक शाखेऐवजी शेजार वाढवतात: मुळांचा, हिरड्यांचा, तारांचा असे तिघे-चौघे एका छताखाली येतात, स्कॅनर, ऑटोक्लेव्ह आणि रिसेप्शन सामायिक, पेशंट ज्याचा त्याचा. डिसेंबर-जानेवारीत अमेरिकेहून आणि आखातातून सुट्टीवर येणाऱ्या मराठी कुटुंबांना असा दवाखाना विशेष सोयीचा पडतो, कारण तीन आठवड्यांत सगळं उरकून त्यांना विमान गाठायचं असतं. अर्थात भागीदारीचा करार पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेला बरा. तोंडी भागीदाऱ्या दाताच्या दवाखान्यातही वकिलाकडेच संपतात.

वाचकाच्या दृष्टीने यात कामाचं एवढंच. १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक संरक्षण कायद्याखाली येतात. तेव्हा विचारायला संकोच करू नये. डॉक्टर एम.डी.एस. असेल तर कुठल्या शाखेत, हे विचारावं. किती सिटिंग, एकूण खर्च किती, कॅप कोण बसवणार, तारा निघाल्यावरचा रिटेनर या फीमध्ये धरला आहे का, हे लिहून घ्यावं. हप्ते कामाच्या टप्प्यांप्रमाणे ठरवावेत. एक्स-रेची प्रत आपल्याजवळ ठेवावी. आणि दिलेल्या वेळेला जाणं शक्य नसेल तर आदल्या दिवशी एक फोन करावा. ती वेळ दाढदुखीने रात्रभर न झोपलेल्या दुसऱ्या कुणाला तरी मिळते.